सोळा हजार ठिपक्यांचे मामा

प्लोवदिव,
सोमवार, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

तीर्थस्वरूप वेलिझारमामा यांस,

भाचा रंगेल याचा टोपी हातात घेऊन आणि मान खाली घालून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? हा प्रश्न लोक रीत म्हणून विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सरकतात, तसा मी विचारत नाहीये. मला खरंच कळायला हवं आहे. श्वास नीट चालतो ना? दोन घास जातात ना? सकाळी आपणहून उठता ना? कळवाल तेव्हा स्वतःच्या हाताने लिहून, खाली तारीख घालून कळवा, आणि गावातल्या दोन शहाण्या माणसांनी शेजारी सह्या केल्या तर फारच उत्तम. इकडचं सगळं ठीक आहे. म्हणजे आई ठीक आहे, मी ठीक आहे, आणि तुम्ही शनिवारी इकडे वारलात.

घाबरू नका. अंत्यदर्शन चांगलं झालं. गर्दी होती, फुलं होती, रडणारी माणसंही मनापासून रडली. तुम्ही हयातीत इतके लोकप्रिय आहात याची आम्हाला कल्पना नव्हती. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही आमचा फोन उचलत नाही. (आमच्या घरचा नंबर दिसला की तुम्ही फोन मधमाश्यांच्या पेटीवर ठेवता आणि गवत कापायला निघून जाता, असं तुमच्या गावच्या पोस्टमननेच सांगितलं. म्हणून हे पत्र त्याच्याच हातून पाठवतोय. तो तुमच्यासमोर उभा राहून वाचायला लावणार आहे.)

आता मुळापासून सांगतो. तुम्ही घर सोडून डोंगरात गेलात त्यानंतर मला एक नाद लागला. बायकांचा नाही, दारूचाही नाही (आई म्हणते, तो असता तर निदान घराबाहेर तरी पडला असतास). शाळेत असताना आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या मिहालकडे जमून व्हिडिओ गेम खेळायचो ना, त्या जुन्या गेमची मी छायाचित्रं काढतो. खेळत नाही. या वयात खेळणं पोरकट दिसतं. मी फक्त खेळ थांबवतो आणि फोटो काढतो, आणि ही प्रौढ माणसाची कला आहे असं हाच नाद असलेल्या आमच्या मंडळाचं मत आहे.

यातली खुबी अशी की हे गेम ज्या काळचे, त्या काळी पडदा जेमतेम सहाशे चाळीस ठिपके रुंद असायचा. आम्ही त्याच गेमला सांगतो, बाबा रे, आता सोळा हजार ठिपके रुंद चित्र काढ. एवढा मोठा पडदा माझ्याकडे नाही, माझ्या ओळखीत कुणाकडेच नाही. त्यामुळे ते चित्र संगणकाच्या पोटातच तयार होतं, कुणाच्या नजरेला न पडता डिस्कवर जातं, आणि मग बघता यावं म्हणून आम्ही ते पुन्हा लहान करतो. हसू नका. तुम्ही घंगाळभर आलुबुखार उकळून पेलाभर राकिया दारू काढता तेव्हा आम्ही कधी हसलो नाही. एवढं ओझं घातलं की माझा संगणक घाटातल्या जुन्या बससारखा धापा टाकतो. नायकाने पाय उचलला की मी कॉफी ठेवायला उठतो, आणि कॉफी पिऊन परत येईपर्यंत पाय कसाबसा जमिनीला टेकतो. पंख्याचा आवाज एवढा की खालच्या बाईंनी आईला विचारलं, रंगेल रोज दुपारी केस कसले वाळवतो? (मला टक्कल पडलंय हे त्यांना जिन्यात रोज दिसतं, म्हणून जास्त लागलं.) शिवाय चित्र जेवढं मोठं, तेवढी पडद्यावरची अक्षरं बारीक. नायकाचा जीव किती उरलाय हे दाखवणारी पट्टी पिसूएवढी होते. मध्यंतरी लांडग्यांनी माझा नायक पार खाऊन टाकला आणि मी मात्र सावल्या काय सुंदर पडल्यात म्हणून बघत बसलो होतो.

आणि एवढं करून दिसतं काय? जे जुन्या धूसरपणात देवाच्या दयेने झाकलेलं होतं ते सगळं. राणीला बोटं नाहीत. हाताच्या जागी लोकरी मोजा आहे आणि त्यावर बोटं रंगवली आहेत. झाड म्हणजे एकमेकींत घुसवलेल्या दोन फळ्या. चंद्राला आठ कोपरे आहेत. शाळेत असताना हाच चंद्र बघून मी गहिवरलो होतो, आणि आता त्याचे कोपरे असे धारदार दिसतात की त्यावर काकडी चिरावी. आमच्या मंडळात याला सत्य म्हणतात. मंडळाचा अध्यक्ष कालोयान, तो दाताच्या दवाखान्यात क्ष-किरणांचे फोटो काढतो, त्यामुळे माणसाला जे बघायचं नसतं ते दाखवायची त्याला सवयच आहे. मंडळात दोन तट आहेत. एक म्हणतो, कडा स्वच्छ हव्यात. दुसरा म्हणतो, जुना गेम धूसर होता, तर तो धूसरच दाखवला पाहिजे. हा दुसरा तट आधी सोळा हजार ठिपक्यांत चित्र काढतो आणि मग आठवडाभर खपून ते धूसर करतो. दोघांना मान्य असलेला नियम एकच: नायकाचे पाय जिथे पोचतात तिथे उभं राहूनच चित्र काढायचं. कॅमेरा सोडवून हवेतून पुढे नेणं ही चोरी. माणूस बायकोला फसवेल, आयकर खात्याला फसवेल, पण या बाबतीत कालोयान कुणाला क्षमा करत नाही.

तर 'सात किल्ल्यांचा रखवालदार' नावाच्या गेममध्ये एक नदी आहे. पलीकडच्या काठावर एक पाणचक्की आणि तिच्यासमोर उभा असलेला चक्कीवाला. तिकडे जायला पूल नाही, आणि पोहायला उतरलं की नायक बुडतो. त्या काळी हा चक्कीवाला चार ठिपक्यांचा होता: एक ठिपका टोपीचा, दोन सदऱ्याचे, आणि चौथा कशाचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. एवढी वर्षं तो तिथे उभा आहे आणि त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. मी अलीकडच्या काठावर प्रामाणिकपणे पाय रोवले, चित्र सोळा हजारांत काढलं, पलीकडचा काठ मोठा करून पाहिला, आणि मामा, तुम्ही होता. तीच मिशी, तोच राग, डाव्या गालावरची तीच चामखीळ. मग मला आठवलं. मिहालने पुढे मित्रांना घेऊन हा गेम केला, त्याच्या आधी तो एकदा कॅमेरा घेऊन खाली बाकापाशी आला होता. तुम्ही सोंगट्यांचा डाव हरला होता आणि त्याच्याकडे असं बघितलंत की तो फोटो काढून पळालाच. तो फोटो त्याने चक्कीवाल्याच्या तोंडावर चिकटवला असणार. (मिहाल आता कॅनडात असतो आणि कुणाच्या पत्राला उत्तर देत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा.)

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मंडळाचं स्पर्धेचं प्रदर्शन शनिवारी संध्याकाळी आपल्या वस्तीच्या वाचनगृहात ठरलेलंच होतं. भिंतीवर लावायला हे मोठं चित्र, आणि वस्तीत चिकटवायला त्याचीच छोटी पत्रकं, अशी दोन्ही कामं मी गिन्काबाईंना दिली. इस्पितळाच्या फाटकासमोरचं छपाईचं दुकान, तुम्हाला आठवत असेल. त्या लग्नपत्रिकाही छापतात, पण लग्नं हल्ली कोण करतं? त्यांचा खरा धंदा शोकपत्रकांचा. आपल्या वस्तीत माणूस जिवंतपणी दिसत नाही एवढा मेल्यावर दिसतो: फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. ते सगळे कागद गिन्काबाईंच्या हातचे, आणि त्यांचा एक नियम आहे की दुःखातल्या माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत. त्याने फोटो द्यावा, नाव द्यावं, जागा आणि वेळ सांगावी. मजकूर बाई स्वतः घालतात आणि त्यांचा नवरा खळ-ब्रश घेऊन चिकटवून येतो.

मी गेलो तेव्हा पडद्यासमोर बसून बसून माझे डोळे लाल झाले होते, दाढी वाढली होती, आणि अंगात नेमका काळा स्वेटर. पेनड्राइव्ह दिला. त्यात एकच फाइल, तिचं नाव 'वेलिझारमामा' (दुसरं काय ठेवणार?). सोबतच्या चिठ्ठीत जागा, वेळ आणि 'सगळ्यांनी यावं' एवढंच. गेमचा उल्लेख केला नाही, कारण चित्र पाहिल्यावर कुणालाही कळेल असा माझा समज. बाईंचा संगणक त्या ओझ्याने बराच वेळ नुसता गुरगुरला, मग पडद्यावर तुम्ही आलात. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, सगळं माझ्यावर सोड. मी घरी येताना शीळ घालत होतो. म्हटलं, या वस्तीत कलेची कदर असलेलं एक तरी माणूस आहे.

आता त्या चित्रात नदी होती, चक्की होती, सूर्यास्त होता, पाण्यात पडलेलं आकाश होतं. बाईंनी त्यातून तुमचं तेवढं तोंड कापलं, काळं-पांढरं केलं, पासपोर्टच्या फोटोएवढं करून काळ्या चौकटीत बसवलं. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात ते हेच. खाली मजकूर: अत्यंत दुःखाने कळवतो की आमचा लाडका वेलिझार आम्हाला सोडून गेला. अंत्यदर्शन शनिवारी पाच वाजता, वाचनगृहाचं सभागृह. सगळ्यांनी यावं. (हे शेवटचं वाक्य माझं.)

शनिवारी सकाळपासून मी आणि कालोयान सभागृहात चित्रं टांगत होतो. त्याला प्रत्येक चौकट पाणसळ लावून सरळ हवी होती, त्यामुळे बाहेर वस्तीभर तुम्ही वारला आहात याची मला गंधवार्ता नव्हती. गिन्काबाईंकडून मोठं चित्र आलं, त्याच्या कोपऱ्यावर काळी फीत होती. कालोयान म्हणाला, वा, विचार केलायस. मीही विचार केल्यासारखा चेहरा केला. पाच वाजता दार उघडलं. मागच्या प्रदर्शनाला जी थोडी माणसं आली होती, त्यातली निम्मी पावसामुळे आत शिरली होती. या वेळी जिना भरला होता. तुम्ही तीस वर्षं चालवलेल्या बसने गेलेली सगळी माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात कार्नेशनची फुलं. कालोयानला भरून आलं. मलाही आलं होतं, पण मग मी फुलं मोजली. दोन. चार. दोन. सहा. आपल्याकडे सम संख्येची फुलं एकाच कामाला नेतात, मामा. मी पुन्हा मोजली, सगळी मयताचीच.

कालोयानला अजून पत्ता नव्हता. तो एका रडणाऱ्या आजीबाईंना समजावत होता की या कडा इतक्या स्वच्छ आहेत कारण एकेक ठिपका अनेक ठिपके घोटून केलेला आहे. आजीबाई म्हणाल्या, होताच तो स्वच्छ, बसमध्ये कधी सूर्यफुलाच्या बीचं टरफल पडू दिलं नाही. राणीच्या चित्रासमोरही कुणीतरी दोन फुलं ठेवली होती, कारण ही तुमची पहिली बायको असा समज झाला. (तुमचं लग्न झालेलं नाही हे लोक विसरलेत. हातांबद्दल मात्र सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.)

आणि मग आई आली. काळा रुमाल बांधलेला, शेजारीणबाईंच्या खांद्यावर हात. सकाळी पाव आणायला उतरली तेव्हा तिने तुम्हाला आमच्याच फाटकावर पाहिलं होतं. तिने मला फोन केला, पण माझा बंद होता. मग तुम्हाला केला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही उचलला नाहीत. पुन्हा केला. दुपारभर करत राहिली. मेलेला माणूस फोन उचलत नाही आणि रुसलेलाही उचलत नाही, मग तिला फरक कसा कळावा?

तुमचं भांडण कशावरून झालं ते तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण तुम्ही ते फक्त तुमच्या बाजूने ऐकलंय. आई गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली होती. बाल्कनीत हिवाळ्यासाठी मिठात मुरवायच्या कोबीचं पिंप नुकतंच भरलेलं. खालच्या तोटीने खारं पाणी काढायचं आणि वरून परत ओतायचं, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही बाकावर सोंगट्या खेळत राहिलात, कोबी सडली, वास पाचव्या मजल्यापर्यंत गेला आणि वरच्यांनी गॅसवाल्यांना बोलावलं. आई परत आली आणि म्हणाली, तीस वर्षं माणसं इकडून तिकडे ओतलीस आणि एक बादली पाणी ओतता आलं नाही. तुम्हीही काही कमी बोलला नाहीत. आईने तुम्हाला लहानपणी कडेवर वागवलं, हे तुम्ही त्या दिवशी विसरलात, आणि तीही विसरली. मग तुम्ही बॅग उचललीत.

तर शनिवारी ती त्या मोठ्या चित्रासमोर उभी राहिली. चित्रात तुम्ही पलीकडच्या काठावर, कमरेवर हात, रागावलेले. आई हळूच म्हणाली, "कोबीच होती रे, वेलिझार. सगळी सडली तरी कोबीच होती. आणि मी तुला काय काय बोलले."

मामा, मी थट्टेखोर माणूस आहे, पण त्या क्षणी मला फार लाज वाटली. एवढ्या सोळा हजार ठिपक्यांत तोंड लपवायला एक ठिपका मिळेना. मी पुढे गेलो आणि म्हणालो, आई, मामा जिवंत आहेत, हा गेम आहे. तिला ते दोनदा सांगावं लागलं. मग ती खुर्चीवर बसली, रुमाल सोडला, त्याची नीट घडी केली, आणि हातातल्या चारही कार्नेशननी मला बडवलं. बडवताना हसत होती. खरंच हसत होती, मी जवळून पाहिलं, कारण फुलं माझ्याच तोंडावर पडत होती. मग एकदम थांबली. म्हणाली, "जिवंत आहे? मग फोन का उचलला नाही?"

ती घरी निघून गेली. तेव्हापासून बोलत नाही, नुसत्या मिरच्या भाजते. आम्ही दोघं पुढल्या ईस्टरपर्यंत खाल्ल्या तरी संपणार नाहीत एवढ्या भाजल्या. तुमचं नाव काढलं की म्हणते, कोण? माणूस मेला समजून तिने सगळं माफ केलं होतं, आणि जिवंत निघाल्यावर ते सगळं परत घेऊन वर आणखी थोडं घातलं.

वस्तीचंही काही खरं नाही. लोक रविवारीही सांत्वनाला आले, कारण पदार्थ करून झाले होते. मी गिन्काबाईंकडे जाऊन खुलासा छापून मागितला. त्यांच्याकडे पहिली ओळ कायमची बसवलेली आहे, ती त्यांना बदलता येईना. त्यामुळे आता फाटकावर दुसरा कागद आहे: अत्यंत दुःखाने कळवतो की वेलिझार जिवंत आहे. पहिला काढायला त्यांच्या नवऱ्याने साफ नकार दिला. मेलेल्याचा कागद वारा-पाऊस काढतो, माणसाने काढू नये, म्हणाला. दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. लोक दोन्ही वाचतात आणि पहिल्यावर विश्वास ठेवतात, कारण त्यावर फोटो आहे.

तर असं झालं. यात माझा हेतू वाईट नव्हता एवढं तुम्ही समजून घ्याल. मधमाश्यांना सांभाळा, थंडीत कान झाका. थोरांना नमस्कार सांगितला असता, पण आता आपल्यात थोर तुम्ही आणि आईच उरलात.

तुमचा भाचा,
रंगेल

ता.क. एक छोटंसं काम होतं. कालोयानचं म्हणणं पडलं की एवढ्या जुन्या गेममध्ये असा चेहरा असूच शकत नाही, मी माझ्या मामाचा फोटो मागाहून चिकटवला, आणि माझं चित्र स्पर्धेतून बाद. मिहाल उत्तर देत नाही. फोटो त्याने तेव्हा काढला होता, हे सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे. येत्या शनिवारी परीक्षक पुन्हा बसणार आहेत. सकाळच्या बसने निघालात तर वेळेत पोचाल. मिशी काढू नका. शक्य असेल तर थोडे रागावलेले या.

आणखी ता.क. आलाच आहात तर घरीही डोकावा, वाटेतच आहे. मी पत्र लिहिलंय हे आईला माहीत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

वेलिझार, मी राइना. माझा गाढव पोरगा पत्र टेबलावर उघडं टाकून पाकीट आणायला गेलाय. मी सगळं वाचलं. त्याच्या चित्राच्या साक्षीसाठी अजिबात येऊ नकोस. कोबीचं त्याने लिहिलंय तेवढं मी बोलले नाही. थोडं बोलले. शनिवारी मी घरी आहे. रविवारीही आहे. तशी रोजच असते.